आनापानसती : श्वासाच्या आधारे चित्ताची जोपासना

रविवारी सकाळी आपल्या बहुतेक विहारांत सामुदायिक वंदना होते. त्रिसरण-पंचशील ग्रहण केले जाते, बुद्ध, धम्म आणि संघ यांची वंदना म्हटली जाते आणि त्यानंतर ‘आता पाच मिनिटे ध्यान’ अशी सूचना दिली जाते. सर्वजण डोळे मिटतात. या पाच मिनिटांत नेमके काय करावयाचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कोणी मनातल्या मनात वंदनेच्या गाथा पुन्हा म्हणतो, कोणी घरच्या विवंचनेत गुंततो, तर कोणी सूचना देणाऱ्याचा आवाज केव्हा कानी पडतो याची वाट पाहतो. पाच मिनिटे संपतात आणि ध्यान झाले असे समजून आपण उठतो. ज्या साधनेला तथागतांनी सम्यक संबोधीच्या मार्गात मध्यवर्ती स्थान दिले, तिचे आपल्याकडे असे एका रिकाम्या विधीत रूपांतर होऊ लागले आहे. विधी आणि कर्मकांड यांचा त्याग करून धम्माचा स्वीकार केलेल्या समाजात असे व्हावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट होय. यास्तव प्रस्तुत लेखात आनापानसती म्हणजे काय, ती कशी करावी आणि तिचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न आहे.

शब्दाचा अर्थ

‘आन’ आणि ‘अपान’ हे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाचे वाचक शब्द आहेत. ‘सती’ हा पाली शब्द संस्कृतातील ‘स्मृती’ या शब्दाचे रूप आहे. मराठीत ‘सती’ या शब्दाला जो क्रूर सामाजिक अर्थ चिकटला आहे, त्याच्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. स्मृती म्हणजे केवळ भूतकाळाची आठवण असाही अर्थ येथे घ्यावयाचा नाही. हाती घेतलेल्या विषयाचे विस्मरण होऊ न देणे, त्याविषयी जागृत राहणे, हा सतीचा अर्थ होय. म्हणून आनापानसती म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाविषयी अखंड जागरूकता. अष्टांगिक मार्गातील सातवे अंग जी सम्यक स्मृती आणि आठवे अंग जी सम्यक समाधी, त्या दोहोंना जोडणारी ही साधना आहे.

येथे एक रंजक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ‘अस्सास’ आणि ‘पस्सास’ यांपैकी आत येणारा श्वास कोणता आणि बाहेर जाणारा कोणता, याविषयी प्राचीन अट्ठकथांतच मतभेद आहे. विनयाच्या अट्ठकथेने एक अर्थ दिला, तर सुत्तांच्या अट्ठकथांनी नेमका उलटा. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात हा मतभेद लपविला नाही. दोन्ही अर्थ नोंदविले. साधना करणाऱ्याला या मतभेदाने काही अडत नाही, कारण त्याला शब्द नव्हे तर प्रत्यक्ष श्वास जाणावयाचा असतो.

सुत्ताचा प्रसंग

मज्झिमनिकायातील ११८ वे सुत्त म्हणजे आनापानसतीसुत्त. त्याचा प्रसंग मोठा बोधप्रद आहे. तथागत श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात, मिगारमाता विशाखेने बांधविलेल्या प्रासादात वास्तव्यास होते. सारिपुत्त, महामोग्गल्लान, महाकस्सप, महाकच्चायन, अनुरुद्ध, आनंद आदी थोर शिष्य त्यांच्यासमवेत होते. हे थेर भिक्षू स्वस्थ बसले नव्हते. कोणी दहा, कोणी वीस, कोणी तीस, तर कोणी चाळीस नवदीक्षित भिक्षूंना हाताशी धरून शिकवीत होते. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणेच्या पौर्णिमेला तथागतांनी संघावर दृष्टी टाकली. त्याची प्रगती पाहून ते संतुष्ट झाले आणि पुढची कोमुदी पौर्णिमा येईपर्यंत, म्हणजे आणखी एक महिना, श्रावस्तीतच राहण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला. ही वार्ता ऐकून दूरदूरच्या जनपदांतून भिक्षू तेथे येऊ लागले. महिन्यानंतरच्या त्या चांदण्या रात्री, शांत बसलेल्या संघापुढे, तथागतांनी आनापानसतीचा सविस्तर उपदेश केला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ही साधना कोणा एका निवडक शिष्याच्या कानात सांगितलेला गुप्त मंत्र नव्हे; ती भरसभेत, नव्याजुन्या सर्वांसमक्ष सांगितली गेली. आणि ज्या संघात ज्येष्ठ हे कनिष्ठांना मनोभावे शिकवितात, तेथेच ती रुजते. आपल्या विहारांतील पाच मिनिटांचे ध्यान पोकळ होते, त्याचे कारण इथे सापडते. शिकविण्याची ही साखळी आपण पुरेशी जोडलेली नाही.

संयुत्तनिकायात आनापानसतीविषयीच्या सुत्तांचा एक स्वतंत्र विभागच आहे. त्यातील एका सुत्तात, इच्छानंगल येथे तीन महिन्यांच्या एकांतवासात आपण बहुतांशी आनापानसतीतच विहार केला, असे तथागत स्वतः सांगतात. बोधिप्राप्तीनंतरही त्यांनी ही साधना सोडली नाही. ती केवळ प्राथमिक धडा आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

श्वास रोखणे नव्हे, श्वास जाणणे

पुष्कळ लोक आनापानसतीला प्राणायामाचा एक प्रकार समजतात. हा गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. प्राणायामात श्वासाचे पूरक, कुंभक आणि रेचक असे नियमन केले जाते. श्वास घ्यावा किती, रोखावा किती आणि सोडावा किती याचे माप ठरलेले असते. आनापानसतीत असे कोणतेही माप नाही. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणावे, ऱ्हस्व असेल तर तो ऱ्हस्व आहे हे जाणावे, एवढेच आरंभी अपेक्षित आहे.

श्वास रोखण्याचा मार्ग तथागतांना ठाऊक नव्हता असे नाही. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात त्यांनी आपल्या तपश्चर्येच्या काळाचे वर्णन केले आहे. त्या काळात त्यांनी नाक, तोंड आणि कान यांवाटे होणारा श्वास रोखून धरण्याचा कठोर प्रयोग केला. कानांत लोहाराच्या भात्यासारखा घोष उठला, डोक्यात असह्य वेदना झाल्या, पोटात सुरी फिरविल्यासारखे झाले. सर्व सोसूनही ज्ञान मात्र लाभले नाही. तेव्हा त्यांना बालपणीचा एक प्रसंग आठवला. वडील कामात गुंतले असता जांभळीच्या शीतल छायेत बसल्या बसल्या चित्त सहज एकाग्र झाले होते आणि त्यात कोणताही दोष नसलेले सुख होते. हाच तर बोधीचा मार्ग नसेल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि देहदंडनाचा मार्ग त्यांनी सोडला. मध्यम मार्ग हा केवळ तात्त्विक सिद्धांत नाही. शरीरावर आणि श्वासावर केलेल्या बळजोरीची निष्फळता स्वतः अनुभवल्यानंतर निघालेला तो निष्कर्ष आहे. आनापानसतीत श्वासावर बळजोरी नाही, याचे मूळ येथे आहे.

श्वासच का निवडला?

चित्ताला आधार म्हणून एखादी मूर्ती, मंत्र किंवा ज्योत का घेतली नाही, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात येईल. त्याचे पहिले उत्तर असे की, श्वास कोणत्याही जातीचा, पंथाचा अथवा वर्गाचा नाही. त्यासाठी पुरोहित लागत नाही, दक्षिणा लागत नाही, पवित्र स्थान लागत नाही. शेतमजुराचा श्वास आणि सम्राटाचा श्वास यांत भेद नाही. त्यावर श्रद्धा ठेवण्याचीही आवश्यकता नाही, कारण तो आहे हे प्रत्येकजण स्वतः पडताळून पाहू शकतो.

दुसरे उत्तर शरीरशास्त्र देते. हृदयाचे ठोके किंवा अन्नाचे पचन यांवर आपली इच्छा थेट चालत नाही. श्वास मात्र दोन्ही प्रकारे चालतो. झोपेत मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रे तो आपोआप चालवितात आणि जागेपणी आपण इच्छेने तो हळू वा जलद करू शकतो. म्हणून शरीराच्या आपोआप चालणाऱ्या व्यवहारांकडे डोकावण्याचे ते एक दार आहे. प्रौढ निरोगी माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ धरले तरी दिवसाचे २१,६०० श्वास होतात आणि त्यांतील बहुतेक आपल्या नकळत येतात व जातात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. श्वास संथ व दीर्घ झाला की शरीराला विसाव्याकडे नेणारी मज्जासंस्था अधिक कार्यरत होते. राग आला की श्वास आखूड व जलद होतो, भीतीने तो अडखळतो, निश्चिंत झोपेत तो संथ वाहतो, हे तर प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी हे संबंध शरीरशास्त्राच्या भाषेत मांडले गेले नव्हते, पण त्यांचे निरीक्षण झाले होते. चूळवेदल्लसुत्तात विशाख नावाचा उपासक भिक्षुणी धम्मदिन्नेला कायसंस्कार म्हणजे काय असे विचारतो. श्वास-प्रश्वास हाच कायसंस्कार, कारण तो शरीराशी बांधलेला आहे, असे ती उत्तर देते. वितर्क व विचार हा वाणीचा संस्कार, आणि संज्ञा व वेदना हा चित्ताचा संस्कार असेही ती स्पष्ट करते. पुढे तथागतांनी तिच्या उत्तरांना संपूर्ण मान्यता दिली. आनापानसतीचा एक कळीचा शब्द एका स्त्रीने एका पुरुषाला समजावून दिला, ही धम्माच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे.

सोळा पायऱ्या

सुत्तात आनापानसतीच्या सोळा पायऱ्या सांगितल्या असून त्यांचे चार-चारांचे चार गट आहेत. हे चार गट म्हणजेच चार सतिपट्ठाने होत.

पहिला गट कायेचा. दीर्घ श्वास जाणणे, ऱ्हस्व श्वास जाणणे, सर्व कायेचा अनुभव घेत श्वास घेणे आणि कायसंस्कार शांत करीत श्वास घेणे, या त्या चार पायऱ्या. ‘सर्व काया’ म्हणजे श्वासाचा आरंभ, मध्य आणि शेवट असा अर्थ विसुद्धिमग्गात केला आहे. संपूर्ण शरीर असाही अर्थ काही आचार्य घेतात. सतिपट्ठानसुत्तात याच ठिकाणी कातारी कामगाराचा दृष्टांत आहे. कुशल कातारी लाकूड कातताना लांब फेरा घेतला तर लांब घेतला हे जाणतो आणि आखूड घेतला तर आखूड घेतला हे जाणतो. त्याचे लक्ष हातातील कामावर असते, कामाच्या फळावर नाही. साधकाने असेच व्हावयाचे आहे.

दुसरा गट वेदनांचा. येथे वेदना म्हणजे दुःख नव्हे, तर सुखद, दुःखद वा तटस्थ अशी कोणतीही अनुभूती. प्रीतीचा अनुभव, सुखाचा अनुभव, चित्तसंस्काराचा अनुभव आणि त्या चित्तसंस्काराचे शमन, या यातील चार पायऱ्या.

तिसरा गट चित्ताचा. चित्ताची अवस्था जाणणे, चित्त प्रमुदित करणे, चित्त समाहित करणे आणि चित्त विमुक्त करणे. समाहित करण्यापूर्वी प्रमुदित करण्याचा उल्लेख आहे, हे लक्षणीय होय. उदास व ओढून ताणून बसविलेले चित्त एकाग्र होत नाही.

चौथा गट धम्मांचा. अनित्यता पाहणे, विराग पाहणे, निरोध पाहणे आणि अखेरीस त्याग पाहणे. श्वास येतो आणि जातो. कोणताही श्वास धरून ठेवता येत नाही. अनित्यतेचा सिद्धांत ग्रंथात वाचून जितका समजतो, त्याहून अधिक तो येथे प्रत्यक्ष उमगतो. श्वास घेणारा असा कोणी नित्य आत्मा शोधूनही सापडत नाही. सापडतो तो केवळ कारणांनी चालणारा एक व्यापार.

या मांडणीतील एक बारकावा सांगितला पाहिजे. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी सुत्तात ‘जाणतो’ असे क्रियापद आहे, तर तिसरीपासून पुढे ‘शिकतो’ असे. प्रथम जे आहे ते जसेच्या तसे जाणावयाचे आणि नंतर चित्ताला हळूहळू वळण लावावयाचे, असा हा क्रम आहे. सोळाही पायऱ्या एका बैठकीत ओलांडण्याचा हट्ट कोणी धरू नये. आपल्यासारख्या गृहस्थाने पहिल्या चार पायऱ्या नीट साधल्या तरी पुष्कळ झाले. चार सतिपट्ठानांच्या परिपूर्तीने सात बोध्यंगे आणि त्यांच्या परिपूर्तीने विद्या व विमुक्ती साधते, असा सुत्ताचा पुढील निष्कर्ष आहे.

प्रत्यक्ष अभ्यास

आरंभी रोज दहा मिनिटे पुरेत. पहाटे किंवा रात्री निजण्यापूर्वी, घरातील जी वेळ त्यातल्या त्यात शांत असेल ती निवडावी. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, ही आपल्यापैकी अनेकांची अडचण आहे. अशा वेळी भिंतीकडे तोंड करून बसावे आणि घरच्यांना तेवढा वेळ सांभाळून घेण्यास सांगावे. भ्रमणध्वनी बंद करून दूर ठेवावा. मांडी घालून बसता येत असेल तर तसे बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसण्यात काही कमीपणा नाही. पाठ सरळ असावी, पण ताठरलेली नसावी. डोळे हळुवार मिटावेत. श्वास नाकाने, जसा चालला आहे तसा चालू द्यावा आणि नाकपुड्यांच्या टोकाशी किंवा वरच्या ओठाच्या वर त्याचा जो स्पर्श होतो, तेथे लक्ष ठेवावे.

चित्त ठरत नसेल तर विसुद्धिमग्गात गणनेचा उपाय सांगितला आहे. श्वास मोजावेत, पाचापेक्षा कमी मोजू नये आणि दहापेक्षा अधिक मोजू नये. पाचाच्या आत मोजले तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांप्रमाणे चित्त तडफडते आणि दहाच्या पलीकडे गेले तर ते श्वास सोडून आकड्यांच्याच आश्रयाला जाते. आरंभी धान्य मोजणाऱ्याप्रमाणे सावकाश मोजावे. खळ्यावर पायलीने धान्य मोजणारा माणूस माप भरतो, रिते करतो आणि मग आकडा उच्चारतो, तसे. सराव झाल्यावर गोठ्याच्या दाराशी बसून बाहेर पडणारी गुरे मोजणाऱ्या गुराख्याप्रमाणे शीघ्र मोजावे. श्वासावर लक्ष स्थिर होऊ लागले की मोजणे सोडून द्यावे. गणना ही काठी आहे. चालता येऊ लागल्यावर ती हाती धरून ठेवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात या साधनेच्या शिक्षणाची सोय आज उपलब्ध आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर व अन्यत्र भरणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत पहिले तीन दिवस आनापानाचाच अभ्यास असतो. त्रैलोक्य बौद्ध महासंघ, ज्याचे नाव २०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ असे आहे, त्याच्या केंद्रांतही गणनेच्या आधारे आनापानसती आणि तिच्या जोडीने मैत्रीभावना शिकविली जाते. पद्धतींत थोडाफार फरक आहे. कोणती श्रेष्ठ या वादात वेळ घालविण्यापेक्षा एक पद्धत नीट शिकून ती नेमाने करावी, हे उत्तम.

मार्गातील अडथळे

बसल्यानंतर अर्ध्या मिनिटात मन पळते. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत हे घडते. त्यात आपले काही चुकले असे मानू नये. विसुद्धिमग्गात मोकाट वासराचा दृष्टांत आहे. रानटी गाईचे दूध पिऊन वाढलेले वासरू खुंटीला बांधले की ते इकडेतिकडे उड्या मारते. दावे तुटत नाही असे पाहून शेवटी खुंटीजवळच बसते. श्वास ही खुंटी, सती हे दावे आणि चित्त हे वासरू. मन गेले हे ध्यानात येणे, हीच जागृती होय. त्याला शिव्या न देता परत आणावे. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत आणावे लागले, तर पन्नास वेळा साधना झाली असे समजावे.

चित्ताला अडविणारी पाच नीवरणे सांगितली आहेत : कामच्छंद म्हणजे लालसा, व्यापाद म्हणजे द्वेष, थीनमिद्ध म्हणजे आळस व ग्लानी, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे अस्वस्थता व पश्चात्ताप आणि विचिकिच्छा म्हणजे संशय. संयुत्तनिकायात यांना पाण्याची उपमा दिली आहे. लालसेचे चित्त रंग मिसळलेल्या पाण्यासारखे, द्वेषाचे उकळत्या पाण्यासारखे, आळसाचे शेवाळाने झाकलेल्या पाण्यासारखे, अस्वस्थतेचे वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाण्यासारखे आणि संशयाचे अंधारात ठेवलेल्या गढूळ पाण्यासारखे. अशा पाण्यात माणसाला आपला चेहरा दिसत नाही. पाण्याच्या प्रत्येक दोषाचा प्रकार निराळा आहे, म्हणून आपल्या चित्ताला कोणत्या दोषाने घेरले आहे हे आधी ओळखावे.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला ग्लानीचा त्रास अधिक होतो. त्याने खजील होऊ नये. महामोग्गल्लानांसारख्या अग्रश्रावकालाही साधनेत डुलक्या येत होत्या. तथागतांनी त्यांना कान ओढावेत, अंग चोळावे, डोळ्यांवर पाणी मारावे, दिशांकडे पाहावे, चंक्रमण करावे असे उपाय सांगितले आणि तरीही ग्लानी गेली नाही तर उठण्याचा निश्चय करून उजव्या कुशीवर निजावे, असे अखेरीस सांगितले.

एक सावधगिरीची सूचनाही देणे आवश्यक आहे. वैशालीच्या महावनातील प्रसंग संयुत्तनिकायात व विनयात नोंदलेला आहे. शरीराच्या अशुभतेची भावना अविवेकाने करून अनेक भिक्षूंना स्वतःच्या देहाची किळस आली आणि त्यांनी जीवन संपविले. पंधरा दिवसांच्या एकांतवासातून परतलेल्या तथागतांनी संघ विरळ झालेला पाहून आनंदाला कारण विचारले. आनंदाने ते सांगून दुसरा एखादा मार्ग सांगण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी संघाला एकत्र करून आनापानसती शिकविली. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात उडालेली धूळ अवकाळी मेघ जशी क्षणात बसवितो, तशी ही साधना अकुशल विचारांना शांत करते, असे ते म्हणाले. वळवाच्या सरीनंतर येणारा मातीचा सुवास ज्याने अनुभवला आहे, त्याला हा दृष्टांत वेगळा उलगडून सांगावयास नको. या प्रसंगाचा बोध असा की, कोणतीही साधना सर्वांना सर्वकाळ मानवते असे नाही. तीव्र मानसिक व्याधीने ग्रासलेल्या व्यक्तीने वैद्यकीय उपचार सोडून केवळ ध्यानावर विसंबू नये आणि दीर्घ शिबिरांस जाण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा.

शील आधी, श्वास नंतर

राहुलाला दिलेल्या उपदेशांचा क्रम याविषयी मार्गदर्शक ठरतो. अम्बलट्ठिका येथे तथागतांनी त्याला प्रथम असत्य न बोलण्याचा उपदेश केला. आरसा जसा न्याहाळण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर न्याहाळावे, असे शिकविले. अट्ठकथेनुसार त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. श्वासाची साधना त्याला महाराहुलोवादसुत्तात मिळाली आणि तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तेथेही आनापानसतीपूर्वी त्याला पृथ्वीसारखे होण्यास सांगितले. तिच्यावर स्वच्छ वस्तू टाका वा घाण टाका, ती विचलित होत नाही. त्यानंतर मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना सांगितली आणि मग श्वासाची.

म्हणजे सत्य, सदाचार आणि मैत्री यांच्या पायावर ही साधना उभी आहे. दारू पिऊन घरी येणारा, पत्नीवर हात उगारणारा, कर्जदाराला नाडणारा माणूस सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसला, तर त्याला थोडी स्वस्थता लाभेलही; पण ती धम्माची साधना नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांविषयी दया आणि मद्यपानाचा त्याग यांचा समावेश आहे. ज्याने त्या प्रतिज्ञा पाळावयाच्या ठरविल्या आहेत, त्याला त्या मोडण्याच्या क्षणी सावध करणारे साधन म्हणजे सती. मोहाचा किंवा क्रोधाचा वेग येतो तेव्हा आधी श्वास बदलतो. श्वासाशी परिचय असलेल्या माणसाला तो बदल वेळीच कळतो आणि कृती घडण्यापूर्वी त्याला निर्णयाचा अवसर मिळतो.

ध्यान म्हणजे पलायन काय?

आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते ध्यानाविषयी साशंक आहेत. समाजावर अत्याचार होत असता डोळे मिटून बसणे म्हणजे संघर्षापासून पळ काढणे होय, असा त्यांचा आक्षेप आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना शतकानुशतके सोसण्याचेच शिक्षण दिले गेले, त्यांना पुन्हा शांत राहण्याचा उपदेश कोणी करीत असेल, तर त्याचा हेतू तपासून पाहावयासच हवा. पगार न वाढविता किंवा अपमान न थांबविता कामगारांना ध्यान करण्यास सांगणारा धनी धम्म सांगत नाही. तो धम्माचा दुरुपयोग करतो.

याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातच देऊन ठेवले आहे. त्यांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केला. केवळ समाधीने पाच नीवरणे तात्पुरती स्थगित होतात. समाधी सुटली की ती परत येतात. चित्ताला कायमचे वळण लावण्यासाठी सम्यक समाधी हवी आणि तिचे कार्य म्हणजे चित्ताला कुशल कर्माचा विचार व त्याची प्रेरणा यांची सवय लावणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या कसोटीवर आपले ध्यान घासून पाहावे. उठल्यानंतर आपण अधिक सत्यवादी, अधिक निर्भय आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी अधिक जागे झालो काय? झालो नसू, तर ती केवळ विश्रांती होती.

श्वासाने अन्याय नाहीसा होत नाही. त्यासाठी शिक्षण, संघटन आणि कायद्याचा लढा हवा. परंतु हा लढा माणसे लढतात आणि माणसांची मने थकतात, जळतात, आपसांत फुटतात. वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. तो अपमान गिळतो तेव्हा आतून कोसळतो. भडकून हात उगारतो तेव्हा त्याच्याच भवितव्यावर गदा येते. त्याला आपला श्वास आखूड झालेला कळला, तीन-चार श्वास तो त्यासोबत राहिला, तर काय घडले ते तो दिवस-वेळेसह लिहून काढू शकेल, साक्षीदार जोडू शकेल, तक्रार दाखल करू शकेल आणि ती शेवटास नेऊ शकेल. व्यापाद शांत झाला म्हणून अन्यायाची जाणीव बोथट होत नाही. उकळी थांबलेल्या पाण्यातच चेहरा स्पष्ट दिसतो, स्वतःचा आणि अन्याय करणाऱ्याचाही. आपल्या संघटनांत होणाऱ्या फाटाफुटींकडे पाहिले, तर त्यांतील किती तत्त्वावरून झाल्या आणि किती न आवरलेल्या क्रोधावरून व अहंकारावरून, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.

उपसंहार

यास्तव विहारांतील कार्यकर्त्यांना नम्र विनंती आहे की, वंदनेनंतरच्या त्या पाच मिनिटांपूर्वी दोन मिनिटे बोलावे. कसे बसावे, श्वास कोठे जाणावा, मन पळाले तर काय करावे, एवढे साध्या शब्दांत सांगावे. पाच मिनिटे संपल्यावर त्यादिवशी पाळावयाच्या एखाद्या कुशल संकल्पाचा उच्चार करावा. ज्येष्ठ उपासक-उपासिकांनी पूर्वारामातील थेरांप्रमाणे दहा-दहा तरुणांना हाताशी धरावे. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती शिकविण्याची तळमळ.

तथागतांनी राहुलाला सांगितले की, आनापानसतीचा चांगला अभ्यास झाला तर अखेरचा श्वासदेखील जाणीवपूर्वक जातो, नकळत नाही. तो दिवस प्रत्येकाच्या वाट्याला यावयाचा आहे. तोवरचे श्वास किती जागेपणी आणि कोणाच्या हितासाठी वेचले, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या रविवारी विहारात डोळे मिटाल, तेव्हा आत येणाऱ्या पहिल्या श्वासापासूनच त्याच्या उत्तरास आरंभ करावा.